चुका मोजाव्यात की तोलाव्यात?

न्यायालयीन चित्रपटातील चुका शोधणे हा अलीकडे एक स्वतंत्र छंद होऊन बसला आहे. पूर्वी चित्रपट अंधारात एकदाच पाहिला जाई आणि लक्षात राहील तेवढाच आपला असे. व्हिडिओ कॅसेट आली, मग डीव्हीडी आली, आता तर हातातल्या फोनवर हवे ते दृश्य हवे तितक्या वेळा थांबवता येते. साहजिकच पहिल्या चौकटीत अर्धा भरलेला पेला पुढच्या चौकटीत काठोकाठ कसा भरला, भिंतीवरचे घड्याळ मागे कसे गेले, याची नोंद ठेवणारा प्रेक्षक तयार झाला. न्यायालयीन चित्रपटात या शोधाला दुहेरी वाव असतो, कारण तिथे दोन नियमपुस्तके एकाच वेळी उघडी असतात. एक चित्रीकरणाचे आणि दुसरे कायद्याचे. पेल्यातील पाण्यावर नजर ठेवणाऱ्याच्या शेजारी मग वकीलही येऊन बसतो. भारतीय न्यायाधीश हातोडा आपटून ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणत नाहीत, १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदाराला गीतेवर हात ठेवावा लागत नाही, ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा पुरते, हे तो सांगू लागतो. त्याचे म्हणणे खरेच असते.

या छंदाविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती पुढच्या पायरीविषयी. महाविद्यालयात चित्रपट-परीक्षण लिहायला दिले की हल्ली अनेकदा चुकांची क्रमवार यादी हाती येते आणि यादी संपली की लेखही संपतो. वीस चुका असलेला चित्रपट वाईट, दोन चुका असलेला चांगला, असा एक अंकगणिती न्याय त्यामागे गृहीत धरलेला असतो. वास्तविक पुराव्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे. साक्षीदार मोजायचे नसतात, साक्ष तोलायची असते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने एखादी गोष्ट सिद्ध होण्यासाठी साक्षीदारांची कोणतीही ठरावीक संख्या आवश्यक मानली नव्हती, आणि त्याची जागा १ जुलै २०२४ पासून घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ती मानलेली नाही. हेच तत्त्व चित्रपटातील चुकांना लावून पाहावे, असा या लेखाचा प्रस्ताव आहे. त्यासाठी ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या चित्रपटाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

सिडनी ल्युमेट यांचा हा पहिला चित्रपट १९५७ सालचा. रेजिनाल्ड रोझ यांनी स्वतः एका मनुष्यवधाच्या खटल्यात ज्यूरीवर काम केल्यानंतर १९५४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी लिहिलेले नाटक त्याच्या मुळाशी आहे. बापाच्या खुनाचा आरोप असलेला अठरा वर्षांचा, गरीब वस्तीतला मुलगा, उन्हाळ्याचा असह्य दिवस, एक खोली आणि बारा माणसे. निकाल एकमताने लागला पाहिजे आणि ‘दोषी’ ठरला तर मृत्युदंड अटळ. पहिल्या मतदानात अकरा जण दोषी म्हणतात आणि एकटा आठव्या क्रमांकाचा सदस्य, म्हणजे हेन्री फोंडा, हात वर करत नाही. छप्पन्न-सत्तावन्नच्या हिशेबातही हा कमी खर्चाचा चित्रपट होता. सुमारे साडेतीन लाख डॉलरांच्या आत आणि दोन आठवड्यांच्या तालमीनंतर तीन आठवड्यांच्या आत तो चित्रित झाला. शहाण्णव मिनिटांपैकी खोलीबाहेरचा भाग जेमतेम तीन मिनिटांचा आहे.

या चित्रपटातील सातत्याच्या चुका शोधणाऱ्यांनी आधी तो कसा चित्रित झाला हे समजून घेतले पाहिजे. प्रत्येक वेळी प्रकाशयोजना बदलणे परवडणारे नव्हते. म्हणून एका बाजूचे दिवे लावले की त्या बाजूने घ्यायची सगळी दृश्ये, मग ती कथेच्या सुरुवातीची असोत की शेवटची, एकदमच घेतली गेली. परिणाम असा की पडद्यावर समोरासमोर भांडणाऱ्या दोन माणसांपैकी एकाचे वाक्य एका दिवशी आणि दुसऱ्याचे उत्तर कित्येक दिवसांनी चित्रित झाले. त्यात सिगारेटी जळत आहेत, बाह्या दुमडल्या जात आहेत, शर्टांवर घामाचे डाग वाढत आहेत, बाहेर पाऊस सुरू होतो आहे. अशा परिस्थितीत एखादी सिगारेट मध्येच लांब झालेली दिसली तर त्यात नवल नाही. दोन वेगवेगळ्या दिवसांचा राग एकाच क्षणाचा वाटतो, हे मात्र नवल आहे आणि त्याची नोंद चुकांच्या यादीत होत नाही. चूक दिसते. टळलेल्या शंभर चुका दिसत नाहीत.

चित्रपटाविषयीच्या सुट्या माहितीचेही असेच आहे. या चित्रपटाला १९५७ च्या बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले, ऑस्करची तीन नामांकने मिळाली आणि तिन्ही ठिकाणी तो ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’पुढे हरला, ही माहिती प्रश्नमंजूषेत उपयोगी पडते. पण ल्युमेट आणि छायालेखक बोरिस कॉफमन यांनी कॅमेऱ्याची उंची टप्प्याटप्प्याने खाली आणली ही माहिती वेगळ्या जातीची आहे. पहिल्या तृतीयांशात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे, मधल्या भागात पातळीवर आणि शेवटच्या भागात खाली. सोबत भिंगेही क्रमाने जास्त केंद्रांतराची होत जातात, त्यामुळे पाठीमागच्या भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात आणि शेवटी शेवटी छतही चौकटीत येते. खोली तेवढीच राहते, पण आपला जीव घुसमटू लागतो. अखेरीस सगळे बाहेर पडतात तेव्हा पायऱ्यांचे दृश्य रुंद भिंगातून, उंचावरून येते आणि आपण श्वास सोडतो. पहिली माहिती चित्रपटाच्या भोवती आहे, दुसरी चित्रपटाच्या आत आहे. दोन्हींना ‘रंजक माहिती’ असे एकच नाव देणे म्हणजे तागडीच न वापरणे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा चित्रपटच मुळी चुका शोधण्याविषयीचा आहे. सरकारी पक्षाने सांगितलेली गोष्ट त्या खोलीत पुन्हा एकदा पाहिली जाते, थांबवून, मागे नेऊन, आजच्या चिकित्सक प्रेक्षकाच्या चिकाटीने. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने मुलाचे ‘तुला ठार मारीन’ हे शब्द ऐकले म्हणे. पण त्याच वेळी उन्नत लोहमार्गावरून गाडी धडधडत जात होती आणि समोरच्या इमारतीतील बाईने खून पाहिला तो त्याच गाडीच्या शेवटच्या दोन डब्यांच्या खिडक्यांतून. मग शब्द ऐकू कसे आले? म्हातारा पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोचला म्हणे. पण अर्धांगाच्या झटक्याने त्याचा पाय ओढला जातो. खोलीत अंतर आखून चालून पाहिले तर एक्केचाळीस सेकंद लागतात. वार वरून खाली झालेला आहे, पण खटक्याचा चाकू वापरणारा सराईत हात खालून वर वार करतो. साक्षीदार बाईच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे वळ होते आणि रात्री अंथरुणात कुणी चष्मा लावून झोपत नाही. हे शेवटचे निरीक्षण खोलीतल्या सर्वांत वयोवृद्ध सदस्याचे आहे. त्याने कोर्टात बसून जे पाहिले ते इतर अकरा जणांनीही पाहिले होते.

म्हणजे बारकाव्यांवर नजर ठेवणारा प्रेक्षक या चित्रपटाचा सख्खा नातेवाईक आहे. फरक एवढाच की त्या खोलीत प्रत्येक बारकावा पुढे ठेवल्यावर लगेच विचारले जाते, ‘बरे, मग याने काय बिघडते?’ आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर एका मुलाचा जीव अवलंबून असतो.

आता हाच प्रश्न चित्रपटाच्या सर्वांत मोठ्या चुकीला विचारून पाहू. ती चूक पेल्यातील पाण्याची नाही. खून झाला त्या चाकूसारखा दुसरा चाकू मिळणे अशक्य, असे सरकारी पक्षाचे म्हणणे असते. आठवा सदस्य खिशातून तसाच चाकू काढतो आणि टेबलात रोवतो. मुलाच्या घरापासून दोन चौकांवरच्या गहाणवटीच्या दुकानात त्याने तो सहा डॉलरांना घेतलेला असतो. असा चाकू विकत घेणे बेकायदा आहे असे कुणी म्हणताच तो कायदा मोडल्याचे मान्यही करतो. पण खरा कायदाभंग चाकूच्या खरेदीत नाही. ज्यूरीच्या सदस्याने खटल्याबाहेर स्वतः तपास करून पुरावा गोळा करणे आणि तो बंद खोलीत इतरांपुढे मांडणे हे वर्तन अमेरिकी कायद्याला मुळीच मान्य नाही. ते उघडकीला आले तर निकाल रद्द होऊन खटला नव्याने चालवण्याची वेळ येऊ शकते. ज्या दृश्याने प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो, नेमके तेच दृश्य कायद्याच्या पुस्तकात बसत नाही.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’चा सातवा उल्लास दोषांच्या विवेचनाला दिला. त्यात दोषांचे वर्गीकरण भरपूर आहे, पण आरंभीची व्याख्या अधिक महत्त्वाची आहे. जे मुख्य अर्थाला बाध आणते ते दोष, असे त्याचे थोडक्यात सांगणे आहे. शिवाय काही दोष नित्य असतात तर काही अनित्य. कानाला टोचणारे कठोर वर्ण शृंगारात दोष ठरतात, रौद्रात तेच शोभतात. म्हणजे दोषाचे वजन त्याच्या जागेवर ठरते. चुकांची यादी करणाऱ्या आजच्या प्रेक्षकापेक्षा मम्मटाची यादी कितीतरी लांब आहे. पण ती करण्याआधी त्याने तराजू हातात घेतला होता.

त्या तराजूत चाकूची चूक घालून पाहावी. चित्रपटाचा मुख्य अर्थ काय आहे? मुलगा निर्दोष आहे, हा नव्हे. तो निर्दोष असल्याचे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. वाजवी शंका उरते का, एवढाच प्रश्न आहे. चाकू एकमेव नव्हता, हे कोर्टात कुणी सांगायला हवे होते? बचावाच्या वकिलाने. बाईला चष्म्याविषयी, म्हाताऱ्याला पायाविषयी कुणी विचारायला हवे होते? त्यानेच. आठवा सदस्य सुरुवातीलाच म्हणतो की, मुलाच्या जागी मी असतो तर दुसरा वकील मागितला असता. न्यायालयाने नेमून दिलेल्या, उत्साह नसलेल्या वकिलाने जे केले नाही ते एका सामान्य माणसाला नियम मोडून करावे लागते. या अर्थाने चाकूची चूक चित्रपटाच्या मुख्य अर्थाला बाध आणत नाही, उलट त्याकडे बोट दाखवते. गरिबाचा बचाव नीट झाला असता तर तो चाकू ज्यूरीच्या खोलीत यायचे कारण नव्हते. हा कायद्याच्या दृष्टीने दोष आहे आणि तो लपवू नये. पण चित्रपटाचे नैतिक वजन ज्या दृश्यावर तोललेले आहे तेही हेच.

याउलट काही उणिवा कोणत्याही यादीत सापडत नाहीत. बाराही सदस्य पुरुष आहेत आणि बाराही गोरे. न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांना १९३७ पासून ज्यूरीत बसता येत होते, फक्त त्यांना ते ऐच्छिक होते. दहावा सदस्य ‘त्या लोकां’विषयी विष ओकतो, पण ते लोक कोण, हे चित्रपट एकदाही उच्चारत नाही. ही उणीव आहे की संयम? नाव न घेतल्यामुळे प्रत्येक देशातील प्रेक्षक तिथे आपापला समाज घालू शकतो, हे खरे. आणि १९५७ चा अमेरिकी चित्रपट ते नाव घ्यायला कचरला, हेही खरे असू शकते. या प्रश्नावर वाद घालता येतो. अर्ध्या भरलेल्या पेल्यावर वाद घालता येत नाही. समीक्षेने कोणत्या चुकीकडे वळावे याची ही एक साधी खूण आहे.

‘त्या लोकां’च्या जागी आपला समाज घालण्याचा प्रयोग आपल्याकडे झालाही. बासू चटर्जी यांनी १९८६ मध्ये याच कथेवर ‘एक रुका हुआ फैसला’ काढला. के. के. रैना आठव्याच्या भूमिकेत, पंकज कपूर तिसऱ्याच्या. मोजायचेच ठरवले तर हा संपूर्ण चित्रपट एक चूक आहे. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १९७४ मध्ये अमलात आली, तिच्यात ज्यूरीला जागा नाही. १९८६ च्या भारतात खुनाच्या खटल्याचा निकाल देणारे असे बारा जण अस्तित्वातच नव्हते. तरीही चित्रपट पाहताना ही अडचण बोचत नाही. झोपडपट्टीत वाढलेला मुलगा गुन्हेगारच असणार, हा त्या खोलीतला समज आपल्या ओळखीचा आहे. एक गोष्ट मात्र हरवते. आपल्याकडे न्यायाधीशाला निकालामागची कारणे लिहावी लागतात आणि वरच्या न्यायालयात ती तपासली जातात. ज्यूरी कारणे देत नाही, फक्त निर्णय देते. बंद दाराआडची कारणमीमांसा प्रेक्षकाला ऐकवणे हे मूळ चित्रपटाचे धाडस होते. भारतीय रूपांतरात त्या धाडसाचा संदर्भ उरत नाही. ही चूक मध्यम वजनाची म्हणावी.

जड चूक कशी असते हे पाहायचे तर २०१६ चा ‘रुस्तम’ घ्यावा. नानावटी खटल्यावर बेतलेल्या या चित्रपटात १९५९ सालच्या नौदल अधिकाऱ्याच्या छातीवर पुढच्या काळातील पदके होती, यावर बरीच चर्चा झाली. पदकांची चूक हास्यास्पद आहे, पण हलकी आहे. तिच्याइतकी चर्चा दुसऱ्या फेरफाराची झाली नाही. मुंबईतील नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना हा निर्णय अग्राह्य वाटल्याने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये ती कायम केली आणि सुटका झाली ती १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी दिलेल्या माफीमुळे. चित्रपटात मात्र नायकाच्या हेतूला संरक्षण खात्यातील भ्रष्टाचाराविरुद्धच्या देशभक्तीची जोड मिळते आणि कथा ज्यूरीच्या टाळ्यांजवळ थांबते. एका लोकप्रिय माणसाविषयी जमावाला वाटलेली सहानुभूती कायद्याने कशी तपासली, हा त्या खटल्याचा मुख्य अर्थ होता. तोच काढून टाकला. आणखी एक सुटी माहिती या खटल्याला चिकटली आहे, की तो भारतातला शेवटचा ज्यूरी खटला. तीही बरोबर नाही. देशात इतरत्र त्यानंतरही काही वर्षे ज्यूरीपुढे खटले चालत होते. पण ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आता तिच्याविषयी कुणी शंका घेत नाही.

काटेकोरपणा ही क्षुल्लक गोष्ट आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) काटेकोरपणाच आशय आहे. एका शाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. त्यावर चाललेला खटला हातोड्याविना, भाषणाविना, तारखांमागून तारखा ढकलत पुढे सरकतो. साक्षीदाराचे म्हणणे न्यायाधीश आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात आणि तेच नोंदले जाते. या चित्रपटात कुणी टेबलात चाकू रोवला असता तर सगळा डोलारा कोसळला असता. जे ल्युमेटला शोभले ते ताम्हाण्यांना शोभले नसते. मम्मटाच्या अनित्य दोषाचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

चुका शोधणाऱ्यांचा एक आक्षेप रास्त आहे. तोलण्याच्या नावाखाली समीक्षक आपल्या आवडत्या कलाकृतीला सवलत देतात. चांगल्या चित्रपटाची चूक ‘प्रतीक’ होते आणि वाईट चित्रपटाची ‘अडाणीपणा’. हा धोका खरा आहे आणि त्यावर उपाय एकच. वजन सांगताना कारणही सांगावे, न्यायाधीशाने निकालपत्रात सांगावे तसे, म्हणजे दुसऱ्याला ते तपासता येईल. कारणाशिवाय दिलेली सवलत आणि वजनाशिवाय केलेली यादी, दोन्ही सारख्याच कमअस्सल.

या संदर्भात ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मधला एक प्रसंग चित्रपटांच्या चोखंदळ प्रेक्षकांनी विशेष लक्ष देऊन पाहावा. खुनाच्या वेळी आपण सिनेमाला गेलो होतो, असे मुलाचे सांगणे असते. पण बापाचे प्रेत शेजारच्या खोलीत असताना पोलिसांनी विचारले तेव्हा त्याला चित्रपटांची नावे आठवत नाहीत, नटांची आठवत नाहीत. सरकारी पक्षाच्या लेखी हा खोटेपणाचा पुरावा ठरतो. आठवा सदस्य मग चौथ्या सदस्याला, खोलीतल्या सर्वांत थंड डोक्याच्या माणसाला, काही दिवसांपूर्वी पाहिलेल्या चित्रपटांची नावे विचारतो. पहिले नाव तो सांगतो. दुसऱ्या नावातला एक शब्द चुकतो आणि दुसरा सदस्य तो दुरुस्त करतो. नटांच्या नावांशी तर तो अडखळतोच. आपल्याला कधी घाम येत नाही असे म्हणणारा हा गृहस्थ तेव्हा कपाळ पुसतो. त्याच्यावर कसलाही ताण नव्हता, कुणाचे प्रेत शेजारी नव्हते.

चित्रपटाचे नाव आठवणे न आठवणे ही खरोखर किरकोळ बाब आहे. तिला फाशीच्या दोराइतके वजन दिले गेले होते. त्या खोलीत एकाने ती बाब उचलून तराजूत टाकली आणि तिचे खरे वजन इतरांना दाखवले. चुका शोधणारा प्रेक्षक ज्या नजरेचा अभिमान बाळगतो ती नजर या आठव्या सदस्याकडेही आहे. त्याने तिच्यासोबत तराजूही ठेवला होता, आणि आमच्या विद्यार्थ्यांकडून पुढच्या परीक्षणात आमची तेवढीच अपेक्षा आहे.